गल्लीत उतरलेला फळा

२०२० च्या टाळेबंदीत शाळांना कुलपं लागली आणि शिक्षण मोबाइलवर गेलं. सोलापूरच्या नीलमनगरात मात्र ते पोचेना. ही कामगारांची वस्ती. स्मार्टफोन घेणं अनेक घरांना परवडणारं नव्हतं. तेव्हा आशा मराठी विद्यालयाचे शिक्षक राम गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींचाच फळा केला. सुमारे ३०० भिंतींवर पहिली ते दहावीचा अभ्यास रंगवला गेला. कुठे मुळाक्षरं आणि अंक, कुठे वाक्यरचना, तर कुठे गणिताची सूत्रं. मुलांनी मास्क लावून, अंतर ठेवून भिंतीपुढं उभं राहायचं आणि वाचायचं.

ही कल्पना ऐन संकटात सुचली खरी, पण तिची मुळं जुनी आहेत.

पंतोजींच्या शाळेला स्वतंत्र इमारत क्वचितच असे. देवळाची ओवरी नाहीतर वाड्याची पडवी, समोर धूळपाटी आणि लहानांकडून पाढे घोकून घेणारी मोठी मुलं, एवढ्यावर ती चाले. इंग्रजी अमदानीतल्या सरकारी शाळेनं इयत्ता वेगळ्या केल्या, रांगा आखल्या आणि फळा शिक्षकाच्या उंचीवर टांगला. तो तिथंच राहिला.

१९८७ च्या खडू-फळा मोहिमेनं प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक द्यायचं ठरवलं. सरकारी कागदावर ती किमान सोय होती. गावात तिचा अर्थ दोन खोल्यांत चार इयत्ता असा झाला. एका गटाला गणित घालून द्यायचं, दुसऱ्याला वाचायला बसवायचं, चौथीच्या मुलीला पहिलीजवळ धाडायचं. लवचीक वर्गरचनेचे धडे द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी असे रोजच्या ओढाताणीत गिरवले. त्याचं श्रेय त्यांना फारसं कुणी दिलं नाही.

या कसरतीला आखीव रूप आलं ते साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटात. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं तिथल्या शाळांतली फरशी रंगली आणि मुलं गटागटानं तिच्याभोवती बसू लागली. राज्यभरचे शिक्षक पाहायला आले. मुलाच्या हाताला येणारा तळफळा आणि बोलक्या भिंती अनेक जिल्हा परिषद शाळांत दिसू लागल्या. उंचीचा हा बदल दिसायला लहान, पण त्यानं खडू मुलाच्या हाती गेला.

सोलापूर जिल्ह्यातच, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत, रणजितसिंह डिसले २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा पडक्या शाळेच्या एका बाजूला गोठा होता आणि दुसरीकडे गोदाम. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

अशा रीतीनं एकाच जिल्ह्यानं वर्गाबाहेर शिकण्याच्या दोन वाटा दाखवल्या. क्यूआर कोडनं धडा घरात नेला, पण त्याला फोन लागतो. नीलमनगरच्या भिंतीला तोही लागत नव्हता, आणि दहावीच्या मुलासाठी काढलेलं सूत्र वाचायला पाचवीतल्या बहिणीला कुणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती.