पूर्णेचे रूळ आणि मीटर

परभणी जिल्ह्यातील पूर्णा या गावाला नाव दिले नदीने, पण त्याची ओळख झाली ती रेल्वे जंक्शन म्हणून. निजामाच्या राज्यातून मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास तयार झाला. १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीचा फाटा निघाला. दोन्ही मार्ग मीटरगेज होते.

फूट-इंचांत मोजणाऱ्या इंग्रजांनी रुळांसाठी फ्रेंचांचा मीटर का घ्यावा? १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या सरकारला स्वस्त रेल्वे हवी होती. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर अंतर असते. ते कमी केले की गाडी अधिक आवळ वळण घेऊ शकते. डोंगर कमी फोडावा लागतो, भराव आणि पुलांचा खर्च घटतो. आधी ३ फूट ३ इंच हे माप ठरले. पण त्याच काळात हिंदुस्थानात दशमान मापे आणण्याचे घाटत होते, १८७१ साली तसा कायदाही झाला. म्हणून अंतर किंचित वाढवून बरोबर १ मीटर केले गेले. किती वाढवले, हे गणित मुलांना जरूर घालावे. (उत्तर: ९.४ मिलिमीटर.)

कायदा कागदावरच राहिला. बाजारात दशमान मापे येऊ लागली ती १९५८ पासून. तोवर पूर्णेच्या पेठेत कापड वारावर मोजले जात होते आणि स्टेशनात मात्र पन्नासहून अधिक वर्षे मीटर जमिनीवर अंथरलेला होता!

या काटकसरीची किंमत मनमाडला मोजावी लागे. तिथे ब्रॉडगेज सुरू होई, त्यामुळे मराठवाड्याचा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. दुसरीकडे, १९६० च्या सुमारास हिंगोली-खंडवा मार्ग पुरा झाला आणि उत्तर व दक्षिणेची मीटरगेज जाळी जोडली गेली. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस पूर्णेवरून हैदराबादकडे जाऊ लागली. लहान रुळांनी गावाला एवढ्या लांबच्या वाटेवर आणून ठेवले होते.

१९९० च्या दशकात मनमाडकडचा मार्ग रुंद झाला, २००८ साली अकोल्याकडचा. पलीकडे अकोला-खंडवा भागातले काम मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पामुळे वादात अडकले. पूर्णेत मीटरगेजवर नोकरी केलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. लहान गाडीचे इंजिन, मालाची चढ-उतार, दोन गेजच्या गाड्यांचे वेळापत्रक यांविषयी मुलांनी त्यांना विचारून वहीत उतरवून घ्यावे. आणि वर्गाच्या फरशीवर खडूने १००० व १६७६ मिलिमीटरच्या जोडरेघाही आखून पाहाव्यात.