शिफा : एका नावामागची शिक्षिका

मुलीचे नाव ठेवायची वेळ आली की आपल्याकडे खदिजा, आयेशा, फातिमा, जैनब ही नावे चटकन ओठांवर येतात. ‘शिफा’ हे नाव आमच्या आईच्या पिढीत आम्ही ऐकले नव्हते. अलीकडे मात्र ते हजेरीपटावर अधूनमधून दिसते. पालकांना अर्थ विचारला तर ‘आजारातून बरे होणे’ असे उत्तर मिळते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे.

शिफा हा शब्द अरबी. कुरआनात सूरह नहलमध्ये तो मधाच्या संदर्भात, तर सूरह बनी इस्राईलमध्ये खुद्द कुरआनाच्या संदर्भात आला आहे. आपल्या बोलण्यात ‘हकीमसाहेबांच्या हाताला शफा आहे’ असे म्हणतात. उर्दूत ते खपून जाते. अरबीत मात्र ‘शफा’ म्हणजे काठ. सूरह आले इम्रानमध्ये आगीच्या खड्ड्याचा काठ याच शब्दाने सांगितला आहे. जेर-जबर न देता उर्दूत लिहिले तर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. म्हणून शाळेत नाव घालताना ‘शिफा’ असेच नोंदवावे.

पण या नावाचा खरा मान शब्दकोशात नाही, इतिहासात आहे. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) या मक्केतील कुरैशांच्या बनू अदी घराण्यातल्या, म्हणजे हजरत उमर (रजि.) यांच्याच घराण्यातल्या. काही चरित्रकारांच्या मते त्यांचे मूळ नाव लैला. शिफा हे लोकांनी दिलेले नाव. इस्लामच्या उदयकाळी कुरैशांमध्ये अवघ्या 17 पुरुषांना लिहिता येत होते, असे इतिहासकार बलाजुरीने नोंदवले आहे. त्या काळात शिफा लिहू शकत होत्या!

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. प्रेषितांच्या पत्नी हजरत हफ्सा (रजि.) यांना शिफांनी लिहायला शिकवले होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांना म्हणाले, की लिहिणे शिकवले तसा हफ्साला ‘नमला’ या त्वचारोगावरचा दमही शिकवा. मुवत्तामधील एका नोंदीनुसार मदीनेत शिफांच्या मुलाचे घर मशीद आणि बाजार यांच्या मध्ये होते. खलिफा उमर त्यांच्या मताला मान देत आणि त्यांनी बाजाराचे काही काम शिफांकडे सोपवले होते, असे इब्ने अब्दुल बर्र लिहितात. काही विद्वानांना बाजाराची ही गोष्ट मान्य नाही. पण त्यांच्या शिक्षिका असण्याला हदीसचाच आधार आहे.

हे सारे आम्हाला आठवले ते एका दाखल्यामुळे. आमच्या वर्गातल्या एका शिफाचा शाळा सोडल्याचा दाखला तिचे वडील न्यायला आले. पुढचे वर्ग लांबच्या शाळेत होते. ते म्हणाले, ‘‘लिहिता-वाचता आलं, सर. मुलीच्या जातीला आणखी काय हवं?’’ आम्ही त्यांना वरची हदीस सांगितली. हफ्सांनाही लिहिता आले होते. तरी प्रेषितांनी ‘आता पुरे’ म्हटले नाही, आणखी शिकवा म्हटले. ते काही न बोलता दाखला घेऊन गेले.

मुलीचे नाव जरूर शिफा ठेवा. पण ते नाव आधी एका शिक्षिकेचे होते, एवढे लक्षात असू द्या.