वाहनातील सापेक्ष गती आणि हवेचा रोध

धावत्या आगगाडीत वर फेकलेला चेंडू हातातच परत येतो, पण खिडकीबाहेर काढलेला हात मात्र जोराने मागे ढकलला जातो. या दोन्ही अनुभवांचे कारण सहसा एकाच वाक्यात सांगितले जाते : आतली हवा गाडीबरोबर जाते, बाहेरची जात नाही. हे खरे असले तरी त्यातून असा समज होतो की आतली हवाच चेंडूला पुढे नेते. वास्तविक चेंडूला पुढे नेण्यासाठी कशाचीच गरज नसते. हातातून सुटताना त्याला गाडीचा वेग मिळालेलाच असतो आणि तो जडत्वामुळे टिकतो. हवा एवढेच करते की आत असताना या गतीला अडवत नाही आणि बाहेर असताना अडवते. किती अडवते, हे वस्तू आणि तिच्या लगतची हवा यांच्या सापेक्ष वेगावर ठरते. गाडीचा रुळावरचा वेग कितीही असो, हवेला त्याचा पत्ता नसतो.

याचा पुरावा बंद डब्यात शोधून मिळणार नाही, कारण तिथे जडत्व आणि सोबतची हवा ही दोन्ही कारणे एकत्र असतात. गॅलिलिओने १६३२च्या ‘डायलॉग’मध्ये जहाजाच्या तळघरातील बंद खोलीचे वर्णन केले : जहाज संथ आणि एकसारख्या वेगाने जात असेल, तर फुलपाखरांचे उडणे व टपकणारे थेंब यांवरून ते चालले आहे की उभे, हे सांगता येत नाही. उघड्या डेकवर मात्र धूर हवेबरोबर मागे राहील आणि फुलपाखरेही जहाजापासून दूर गेली तर मागे पडतील, हेही त्याने तिथेच नोंदवले. त्याच्या वर्णनातला हा भाग फार क्वचित सांगितला जातो. निर्णायक प्रयोग प्येर गासेंदी याने १६४०मध्ये मार्सेय येथे केला. वेगाने वल्हवल्या जाणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेले दगड काठीच्या पायथ्याशीच पडले. उघड्यावरची हवा तर जहाजाबरोबर जात नव्हती. म्हणजे दगडांना पुढे नेणारे कारण हवा असूच शकत नव्हते.

मग उघड्यावर सगळ्याच वस्तू अशा का पडत नाहीत? ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणाऱ्या उघड्या मालडब्यावर दोन मीटर उंचीवरून ४० मिलिमीटर व्यासाचे दोन गोळे सोडले असे समजू : एक टेबल टेनिसचा चेंडू, दुसरा भरीव लोखंडाचा. आकार सारखा असल्याने दोघांवर सुरुवातीला हवेचे बलही जवळजवळ सारखेच, सुमारे ०.३ न्यूटन असते. चेंडूचे वजन जेमतेम ०.०२६ न्यूटन, त्यामुळे हे बल त्याच्या वजनाच्या बारापट भरते आणि चेंडू तत्काळ मागे फेकला जातो. लोखंडी गोळ्याच्या बाबतीत तेच बल वजनाच्या आठव्या हिश्शाइतके असते. पडायला लागणाऱ्या सुमारे ०.६४ सेकंदात तो पाव मीटरच मागे सरतो. रोध सारखा, परिणाम वेगळा. फरक वस्तुमानाचा आहे.

या मांडणीवरचा सर्वांत जुना आक्षेप पृथ्वीविषयीचा आहे. आर्यभटाने ४९९मध्ये पृथ्वी फिरते असे प्रतिपादन करताना नावेतील माणसाला काठ मागे जाताना दिसतो, हा दाखला दिला होता. त्यावर वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिके’त विचारले की तसे असेल तर आकाशात गेलेले पक्षी घरट्याकडे कसे परततात? प्रश्न रास्त होता. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. पण पक्षी उडण्यापूर्वीच त्या वेगात असतो आणि वातावरणही पृथ्वीबरोबर फिरते. पक्ष्याला भेटतो तो वारा, म्हणजे हवा आणि जमीन यांच्या वेगांतला उरलेला फरक.

दुसरा आक्षेप हेलियमच्या फुग्याचा. बंद मोटार वेग घेते तेव्हा प्रवासी आसनात मागे रेलतात, फुगा मात्र पुढे झुकतो. यात जडत्वाचा भंग नाही. उलट हवेलाही जडत्व असते, याचा तो उत्तम पुरावा आहे. २३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच डब्यात दोनशे किलोंहून अधिक हवा मावते. वाहनाला त्वरण मिळते तेव्हा या हवेलाही पुढे ढकलावे लागते, म्हणून मागच्या बाजूला दाब किंचित वाढतो. हवेपेक्षा हलका फुगा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे पुढे जातो. घोंगावणारी माशी हवेपेक्षा जड असल्याने थोडी मागे पडते. गाडी एकसारख्या वेगाने जाऊ लागली की दोघांतला हा फरक नाहीसा होतो. म्हणून ‘आतली हवा गाडीबरोबर जाते’ हे विधान वेग स्थिर असतानाच निर्धोक आहे.

वाहनाच्या बाहेर रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या मोटरसायकलला समोरून २० किलोमीटरचा वारा लागला तर तिच्या दृष्टीने हवा ८० किलोमीटरने येते, आणि रोध जवळजवळ १.८ पट होतो. तोच वारा पाठीमागून आला तर रोध निम्म्याहून खाली उतरतो. हवेसाठी खर्च होणारी शक्ती काढताना मात्र जमीन पुन्हा हिशेबात येते : चाके रस्त्याला रेटा देतात, म्हणून रोधाला रस्त्यावरच्या वेगाने गुणावे लागते. विमान हवेलाच रेटते, त्यामुळे तिथे हवेसापेक्ष वेग धरतात. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जोरदार वाऱ्याकडे तोंड करून उड्डाण केले ते याच कारणाने. पहिल्या उड्डाणात १२ सेकंदांत त्यांनी जमिनीवर सुमारे ३७ मीटरच अंतर कापले, पण पंखांवरून वाहणारी हवा त्याहून कितीतरी वेगवान होती.

वातविवर, म्हणजे विंड टनेल, याच तत्त्वावर उभे आहे : वाहन स्थिर ठेवून हवा वाहवली तरी बल तेच मिळते. मोटारींच्या चाचणीत मात्र हे पुरेसे ठरत नाही, कारण तिथे वाहन आणि हवा यांच्याबरोबर रस्ता हा तिसरा घटक असतो. वारा नसेल तर खऱ्या रस्त्यावर हवा आणि रस्ता एकमेकांच्या सापेक्ष स्थिर असतात. वातविवराच्या स्थिर फरशीवर मात्र मंद हवेचा एक थर साचतो आणि गाडीच्या पोटाखालचा प्रवाह बदलतो. त्यासाठी अचूक चाचणीत फरशीच्या जागी हवेच्याच वेगाने धावणारा रुंद पट्टा बसवतात आणि चाकेही त्यावर फिरती ठेवतात.