केंब्रिजची पंगत

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या आमच्या उपनगरांतून जी मंडळी विलायतेच्या सहलीला निघतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कार्यक्रमात लंडनहून एका दिवसाची केंब्रिजवारी असते. किंग्ज कॉलेजचे चॅपल, कॅम नदीतली नावेची फेरी, ट्रिनिटीच्या दाराशी असलेला न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाचा वंशज, जमल्यास एखादा पाकात माखलेला चेल्सी बन, आणि न जमल्यास बरोबर नेलेले थेपले, एवढ्यावर दिवस आटोपतो. या दिवसाला आमची हरकत नाही. आम्हीही तो असाच घालवला आहे. मात्र ज्या गावात विद्या आणि भोजन ही दोन खाती कधी वेगळी नव्हती, तिथे कोण कुठे बसून काय जेवले, हा प्रश्न निव्वळ जिभेचा राहत नाही.

केंब्रिजचे कॉलेज म्हणजे केवळ वर्ग आणि ग्रंथालय नव्हे. त्याच्या मध्यभागी भोजनाचा हॉल असतो. विद्यार्थ्यांसाठी लांबच लांब मेजे, आणि टोकाला जरा उंच चौथऱ्यावर फेलोंचे 'हाय टेबल'. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ही पंगत आहे. पहिले पान कोणाचे, कोणाचे पान ओसरीवर, आणि कोणी दुसऱ्या पंगतीपर्यंत थांबायचे, याचे शास्त्र आपल्याकडेही पक्के होते. पंगतीतल्या जागेची किंमतही आपण जाणतो. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्या पेल्यातले वादळ शंकराचार्यांपर्यंत पोहोचले आणि १८९२ मध्ये खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कपाची ही कथा!

या वादानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८९६ साली, दापोलीजवळच्या मुर्डीचा वीस वर्षांचा एक तरुण सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे ते नाव. धोंडो केशव कर्वे त्यांच्या नात्यातले. मुंबईतले त्यांचे शिक्षण कर्व्यांच्याच आधाराने झाले होते. १८९९ च्या गणित ट्रायपॉसमध्ये ते जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने सीनियर रँग्लर ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मराठीत 'रँग्लर' हा शब्द पुढे पदवी न राहता नावाचाच भाग झाला.

ही नामावली जिथे जाहीर होई ते सेनेट हाउस किंग्जच्या चॅपलला अगदी लागून आहे. बोरिवलीच्या पुलावरून पूर्वेकडून पश्चिमेला जायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात आपण एकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. तरी सहलीतली बहुतेक मंडळी तिकडे पाठ करून चॅपलचे छायाचित्र काढतात. गणिताची यादी तिथे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने वाचली जाई, आणि जो तळाला राही त्याच्यापुढे सोबती वरच्या सज्जातून एक भलामोठा लाकडी चमचा सोडत. परीक्षेतल्या शेवटच्या माणसाला स्वयंपाकघरातली वस्तू द्यायची, ही थट्टा पंगतीच्याच संस्कृतीला सुचू शकते. क्रमवार यादी १९०९ नंतर बंद झाली आणि तिच्याबरोबर हा चमचाही गेला.

१८९९ च्या त्या उन्हाळ्याकडे पुण्याच्या बाजूने पाहिले तर अभिमानाला वेगळी किनार दिसते. त्या मे महिन्यात वासुदेव आणि बाळकृष्ण चाफेकर येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले होते. महिन्याभराने त्याच प्रांतातला एक तरुण साम्राज्याच्या सर्वात अवघड परीक्षेत पहिला आला. दोन्ही वार्ता एकाच समाजाने लागोपाठ ऐकल्या.

त्याच सेनेट हाउसची दुसरी कथा आमच्याकडे क्वचितच सांगितली जाते. १८९० मध्ये, म्हणजे पुण्याच्या चहाच्याच वर्षी, न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजातली फिलिपा फॉसेट हिचे गुण सीनियर रँग्लरहून अधिक ठरले. स्त्रियांचे निकाल पुरुषांच्या नंतर वेगळे वाचत. तिचे स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असे जाहीर झाले, पण तो किताब आणि पदवी दोन्ही तिला मिळाली नाहीत. २१ मे १८९७ रोजी स्त्रियांना पदव्या द्याव्यात का यावर मतदान झाले. सेनेट हाउससमोरच्या खिडकीतून सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा टांगला गेला आणि खाली विद्यार्थ्यांचा जमाव लोटला. सतराशेहून अधिक मते विरोधात पडून ठराव बुडाला. परांजपे तेव्हा त्याच गावात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते.

१९०१ मध्ये ते सेंट जॉन्सचे फेलो झाले, म्हणजे पंगतीच्या भाषेत चौथऱ्यावर पान मिळाले, आणि १९०२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यपदी परतले. पुढे त्यांची मुलगी शकुंतला गणितासाठीच केंब्रिजला गेली, न्यूनहॅममध्ये. १९२९ साली तिने ट्रायपॉस पूर्ण केला. या तारखेपाशी साहित्याच्या अभ्यासकाने थांबायला हवे. १९२८ च्या ऑक्टोबरात व्हर्जिनिया वुल्फ यांनी न्यूनहॅम आणि गर्टन या कॉलेजांत व्याख्याने दिली आणि त्यांतून पुढच्या वर्षी 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक आले. मुंबईतल्या इंग्रजीच्या वर्गांत ते वर्षानुवर्षे शिकवले जाते. त्याचा आरंभ म्हणजे विद्यापीठाच्या गावातला फिरण्या-जेवण्याचा एक दिवसच आहे. हिरवळीवर पाऊल पडताच निवेदिकेला हटकले जाते, कारण हिरवळ फेलोंची. ग्रंथालयाच्या दारातून तिला परत पाठवतात. पुरुषांच्या कॉलेजात दुपारी मासा, तितर, गोड पदार्थ आणि भरणारे मद्याचे पेले. स्त्रियांच्या कॉलेजात रात्री पातळ सूप, बटाटे-भाजीबरोबर साधे गोमांस, सुके आलुबुखार आणि कस्टर्ड, आणि प्यायला पाणी. कादंबरीकार मेजवानीचे वर्णन करतात पण काय खाल्ले ते सांगत नाहीत, अशी वुल्फबाईंची तक्रार आहे, आणि त्यांनी ते सांगितले म्हणूनच दोन पंगतींतला पैशाचा फरक आपल्याला दिसला.

त्या पुस्तकातले स्त्रियांचे कॉलेज 'फर्नहॅम' या नावाने येते, पण त्यामागचे न्यूनहॅम ओळखता येते. त्या काळी रँग्लरांची मुलगी तिथेच शिकत आणि जेवत होती. आम्ही हे पुस्तक इंग्रजी बायकांच्या गाऱ्हाण्याचे म्हणून शिकवतो, तेव्हा त्या भोजनगृहातली मराठी विद्यार्थिनी आमच्या नजरेतून सुटते. १९२१ पासून स्त्रियांना पदवीची नुसती उपाधी मिळू लागली होती. विद्यापीठाच्या कारभारात मत नाही. ती उपाधी मान्य झाली त्या रात्रीही जमावाने हातगाडीची धडक देऊन न्यूनहॅमचे दार मोडले होते. बापाला जिथे पहिले पान मिळाले तिथे मुलीचे पान ओसरीवर होते, आणि अडचण ती हिंदी असल्याची नव्हती.

आमच्या बाजूनेही हिशेब मांडायला हवा. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना मुंबई विद्यापीठाने १८८० च्या दशकातच पदवी दिली होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती आली १९२२ मध्ये. कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले. आज त्याच्या जुहूच्या आवारातून बाहेर पडणाऱ्या मुलींना ही तुलना सांगितली तर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पंगत नाकारणारेही होते. ट्रिनिटीत १९१४ साली आलेले रामानुजन आपल्या खोलीत स्वतः रांधून एकटे जेवत. त्यांच्या प्रकृतीची जी परवड झाली तिच्यात या एकटेपणाचाही वाटा होता, असे आम्हाला वाटते. पुढे काळ पालटला. जयंत नारळीकर १९६३ मध्ये किंग्जचे फेलो झाले, तेव्हा त्याच कॉलेजात वृद्ध ई. एम. फॉर्स्टर राहत होते. १९२१ साली देवासच्या मराठा दरबारात चाकरी करून आलेले हे लेखक. किंग्जने विद्यार्थिनींना मात्र १९७२ पर्यंत थांबवले.

केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये. रँग्लर तेव्हा बहात्तर वर्षांचे होते, ऑस्ट्रेलियातले उच्चायुक्तपद संपवून परतलेले. शकुंतलाबाई बेचाळिशीच्या होत्या आणि रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या वाटेने संततिनियमनाच्या कामात गुंतल्या होत्या.