जर्मन तोफगोळ्यांचे घड्याळी फ्यूज: त्यांवरील अक्षरे, अंक व त्यांचा अर्थ

मोडी कागद वाचणाऱ्या अभ्यासकास संक्षेपांची अडचण नित्याची असते. तारखेच्या आधी आलेला ‘छ’ म्हणजे चंद्र, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, हे ठाऊक नसेल तर अक्षर लागूनही अर्थ लागत नाही. शिवाय एखादा संक्षेप कोणत्या काळी व कोणत्या दप्तरात रूढ होता, हेही पाहावे लागते. जो न्याय कागदास, तोच धातूवर कोरलेल्या लेखास. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन तोफगोळ्यांच्या कालफ्यूजांवर जी त्रोटक अक्षरे व अंक आढळतात, त्यांचा या दृष्टीने विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

तोफगोळा आदळल्यावर फुटावा की वाटेत हवेतच फुटावा, हे त्याच्या टोकाशी बसविलेला फ्यूज ठरवितो. जर्मन भाषेत त्यास ‘त्स्युंडर’ म्हणतात. पेटविणे या अर्थाच्या धातूस कर्तृवाचक प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध झाला असून ‘पेटविणारा’ हा त्याचा सरळ अर्थ होय. रोमन लिपीत त्याचे आद्याक्षर झेड येते. ठरावीक वेळाने पेटणारा तो ‘त्साइट्‌त्स्युंडर’, म्हणजे कालफ्यूज. वेळेने व आघाताने अशा दोन्ही रीतींनी पेटणारा तो ‘डोपेल्त्स्युंडर’, म्हणजे दुहेरी फ्यूज. फ्यूजवर ही नावे अनुक्रमे ‘झेडटी. झेड.’ व ‘डॉप. झेड.’ अशी संक्षेपाने कोरलेली असतात.

प्रारंभीच्या कालफ्यूजांत वेळ मोजण्याचे काम दारूची वर्तुळाकार वात करीत असे. कडे फिरवून वातीची लांबी कमीअधिक करावयाची व तेवढ्या अवधीत ती जळत जाऊन गोळा फुटावयाचा, अशी ही योजना होती. तथापि वातीच्या जळण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. उंचावरील विरळ हवेत वात मंद जळते व गणित चुकते. विमानांवर तोफा डागण्याची वेळ आली तेव्हा हा दोष असह्य झाला. पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मनीने घड्याळी यंत्रणेचा फ्यूज प्रचारात आणला, त्यामागील एक प्रबळ कारण हेच होय. ही यंत्रणा क्रुप व थील या दोन नावांनी ओळखली जाते. थील बंधू हे थुरिंगियातील रूला गावचे घड्याळे करणारे कारखानदार होते. काळ्या अरण्यातील श्रामबेर्ग येथील युंगहान्स हाही मूळचा घड्याळांचाच कारखाना. फ्यूजमधील चक्रांस ठरावीक ठेक्याने अडवून सोडणारी एक रचना आजही युंगहान्सच्या नावाने तंत्रग्रंथांत येते. घरातील घड्याळाची विद्या अशा रीतीने रणभूमीवर गेली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘डॉप. झेड. ९२’, ‘डॉप. झेड. ९६’ व ‘डॉप. झेड. १६’ ही पहिल्या युद्धातील नावे घेतली तर त्यांतील अंक आराखड्याच्या वर्षाचे, म्हणजे १८९२, १८९६ व १९१६ या सालांचे, दर्शक आहेत. पहिले दोन फ्यूज दारूच्या वातीचे, तर तिसरा घड्याळी. परंतु दुसऱ्या युद्धातील ‘झेडटी. झेड. एस/३०’ हे नाव त्याच रीतीने वाचून त्यास १९३० सालचा फ्यूज म्हणणे साफ चुकीचे होय. येथे ‘एस’ म्हणजे सेकंद व ३० म्हणजे घड्याळ चालण्याची कमाल मर्यादा. ‘डॉप. झेड. एस/६०’ व ‘एस/९०’ या नावांनी ही शंका उरत नाही; कारण १९६० वा १९९० साल तेथे संभवतच नाही. म्हणजे नावाची घडण वरवर तीच राहिली, पण अंकाचा अर्थ कालनिर्देशाकडून कार्यनिर्देशाकडे सरकला. ८.८ सेंटिमीटरच्या प्रसिद्ध विमानविरोधी तोफेचा एस/३० फ्यूज असलेला गोळा किती उंचीवर फुटू शकेल, याची सीमा तोफेच्या जोराइतकीच या तीस सेकंदांनीही घातली होती.

याच नावापुढे कित्येकदा ‘एफजी’ ही अक्षरे येतात. ती ‘फ्लीगेविख्त’, म्हणजे बाहेर फेकले जाणारे वजन, या शब्दाचा संक्षेप होत. साध्या एस/३० मध्ये चक्रे चालविण्यास गुंडाळलेली कमान असे. ‘एफजी’ प्रकारात गोळ्याच्या गिरकीने बाहेर ओढली जाणारी वजने ते काम करीत. दोन अक्षरांच्या भेदाने अंतर्गत रचनेचा एवढा मोठा भेद सूचित होतो.

तोफगोळ्यांच्या कक्षेबाहेरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जर्मन विमानांनी टाकलेल्या काही बाँबच्या फ्यूजवर वर्तुळात १७ हा अंक असे. तो सालाचा नव्हे व सेकंदांचाही नव्हे. तो केवळ प्रकाराचा अनुक्रम. त्यातील घड्याळ तब्बल ७२ तासांपर्यंत लावता येई. तो अंक चुकीचा वाचणे बाँब निकामी करणाऱ्यांच्या जिवावर बेतणारे होते.

नावाखेरीज फ्यूजवर उत्पादनाचे साल, तुकडीचा क्रमांक व कारखान्याची खूण असते. उत्पादनाचे साल व आराखड्याचे साल यांची गल्लत करू नये. दुसऱ्या युद्धकाळात कारखान्यांच्या नावांऐवजी अर्थहीन अक्षरगट वापरण्यात आले. अर्थ लपविणे हाच या चिन्हांचा अर्थ होता, असे म्हणावयास हरकत नाही. केवळ अक्षरांवरून देश ठरविणेही धोक्याचे. ब्रिटिशांच्या ८० क्रमांकाच्या, दारूच्या वातीच्या फ्यूजवर ‘केपीझेड ९६/०४’ अशी खूण आढळते. ती क्रुपच्या पेटंटाची. युद्धापूर्वी व्हिकर्स कंपनीने परवाना घेतला होता. खूण जर्मन, वस्तू मात्र इंग्लंडात घडलेली, आणि तिचा मारा जर्मनांवरच! या पेटंटाच्या मोबदल्यासाठी क्रुपने युद्धानंतर व्हिकर्सकडे मागणी केली, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

तात्पर्य, ओळख पटविताना प्रथम यंत्रणा वातीची की घड्याळी हे बाह्यरूपावरून पाहावे, मग नाव वाचावे, त्यातील अंक कोणत्या पद्धतीचा हे ठरवावे, व शेवटी उत्पादनाच्या खुणा जुळवाव्यात. हे सर्व संग्रहालयातील निकामी नमुन्यांविषयी किंवा छायाचित्रांविषयीच म्हटले आहे. बेल्जियम व फ्रान्समधील शेतांत न फुटलेले गोळे आजही नांगराला लागतात. मार्च २०१४ मध्ये ईपर येथे शतकापूर्वीच्या अशाच एका गोळ्याने दोन कामगारांचा बळी घेतला. अर्ध्यावर थांबलेले घड्याळ संपलेले नसते. म्हणून अशा लेखांचे वाचन दुरूनच व्हावे, आणि जमिनीतील गोळ्यास हात लावण्याचे काम ज्यांचे त्यांच्यावर सोपवावे. त्या माणसांना मात्र ३० हा आकडा साल आहे की सेकंद, हे बिनचूक ठाऊक असावे लागते. संक्षेपाचे वाचन हा केवळ पंडिती विषय नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.