सोन्याच्या सोंगट्या

जगबुडीची तारीख सांगणाऱ्याला श्रोते कधी कमी पडत नाहीत. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरी व्हायकिंगांचा उत्सव भरतो. २०१४ साली त्या उत्सवाच्या निमित्ताने बातमी पसरली, की नॉर्स पुराणांतला प्रलय, म्हणजे ‘राग्नारोक’, २२ फेब्रुवारीला येणार. तो उत्सवाच्या समारोपाचा दिवस होता! दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. पण ज्या काव्याच्या नावावर हे खपले, त्यात तारीख कुठेच नाही. मग आहे तरी काय?

‘वोलुस्पा’ हे ते काव्य. भविष्य पाहणारी एक स्त्री ओडिन या थोर देवाला सृष्टीचा आरंभ आणि अंत सांगते. इ. स. १००० च्या सुमारास आइसलँडच्या लोकसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काव्यही त्याच काळातले, असे बरेच अभ्यासक मानतात. हाती असलेली प्रमुख प्रत १२७० च्या आसपासची, चर्मपत्रावर लिहिलेली. त्याआधी, १२२० च्या सुमारास, स्नोरी स्टुर्लुसनने ही कथा गद्यात मांडली होती. म्हणजे जुन्या देवांचा अंत आपल्यापर्यंत पोहोचवला तो ख्रिस्ती हातांनी. हे विसरून वाचू नये.

स्नोरी सांगतो, आधी लागोपाठ तीन हिवाळे येतील, मध्ये उन्हाळा नाही. भाऊ भावाच्या जिवावर उठेल. लांडगा सूर्याला गिळेल, फेनरिर ओडिनाला. थॉर महासर्पाला मारील, पण नऊ पावले चालून त्याच्याच विषाने कोसळेल. देवांना हे सारे आधीपासून ठाऊक आहे, तरी ते रणात उतरतात. मला या कथेत सर्वांत अवघड वाटते ते हेच.

वाग्नरने १८७६ साली बायरॉइट येथे या अंताला संगीतनाट्याचे रूप दिले. आमच्या काळात स्वीडनचे पुरातत्त्वज्ञ बू ग्रेसलुंड यांनी वेगळाच धागा धरला. इ. स. ५३६ साली ज्वालामुखीच्या धुळीने सूर्य मंदावला; वर्षभर त्याला तेज नव्हते, असे प्रोकोपियसने लिहून ठेवले आहे. ५४० च्या सुमारास दुसरा उद्रेक झाला. झाडांच्या वाढीची वलये ते थंड उन्हाळे आजही दाखवतात. स्कँडिनेव्हियात त्या शतकात कितीतरी वस्त्या ओस पडल्या. तीन हिवाळ्यांची कथा ही त्या उपासमारीची आठवण असेल काय?

असेल. पण ५३६ आणि स्नोरी यांच्यात जवळजवळ सातशे वर्षे आहेत. इतक्या पिढ्यांतून भूक उतरत आली असेल, पटते. पण म्हणून काव्यातल्या ओळीओळीला एकेक उद्रेक चिकटवू लागलो, तर आपणही त्या तारीखवाल्यांच्याच पंक्तीला बसलो. आज हवामान बदलताना पुन्हा हे काव्य उघडले जाते. उघडावे, पण मग शेवटपर्यंत वाचावे.

कारण वणव्यानंतर पृथ्वी समुद्रातून पुन्हा हिरवी वर येते. न पेरलेल्या शेतांत पीक उभे राहते. वाचलेले देव गवतात हिंडतात आणि त्यांना जुन्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. बहुतेक निरूपणकार इथेच थांबतात, आणि ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. काव्य थांबत नाही. खालून काळा नाग उडत येतो, त्याच्या पंखांवर प्रेते आहेत. तेवढे सांगून ती स्त्री खाली बुडून जाते.