जावाची साक्ष

मंडळी, मघाशी इथल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, रनाळ्यात बसून जावा बेटाची जुनी भाषा शिकायची कशाला? आपण पुण्यापासून सुरू करू.

भांडारकर संस्थेत १९२५पासून विष्णु सीताराम सुखठणकर महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक होते. हस्तलिखितं ढीगभर, पण बहुतेक अलीकडच्या शतकांतली. कुठला श्लोक जुना, कुठला मागाहून घुसवलेला, हे ठरवायचं कसं? जावात इ. स. १०००च्या सुमारास काही पर्वांचं तिथल्या भाषेत गद्य रूपांतर झालं होतं, आणि मधूनमधून संस्कृत ओळी तशाच ठेवल्या होत्या. आपली आजी गोष्ट अहिराणीत सांगते, पण मधली ओवी आहे तशी म्हणते ना, तसंच! म्हणजे हाती असलेल्या बहुतेक पोथ्यांपेक्षा जुना पुरावा. १९३३ला पूर्ण झालेल्या आदिपर्वात सुखठणकरांनी तो वापरला.

पण जावाचं ते आदिपर्व छापलं कुणी? युइनबोल या डच पंडितानं, १९०६ साली. महाभारत आपलं, आणि साक्ष वाचायची हॉलंडमधून आलेल्या पुस्तकात. आम्हाला हे आजही बोचतं.

तेव्हा ताई, एम.ए.नंतर याच वाटेनं जायचं असेल तर संस्कृत, जुनी जावानीज आणि वर डचही लागेल. जड आहे, खोटं कशाला सांगू.